मैत्रिणींचा वाटा

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ प्रदर्शित झाला. कोरोनाने बंद पाडलेली चित्रपटगृहे उघडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. सात घरच्या सात बायका इंग्लंडच्या सहलीला निघतात, एकमेकींवर रुसतात, हसतात, आणि परतताना एकमेकींच्या झालेल्या असतात, एवढीच त्याची गोष्ट. पुढे ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. त्यात दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. हा चित्रपट पाहायला बायका घोळक्याने गेल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून गेल्या. फ्रान्समध्येही चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींच्या गमतीजमतींवर चित्रपट निघत असतात. नवरा दुरावलेला, मुले आपापल्या वाटेला लागलेली, शरीर कुरकुरू लागलेले, आणि तरी चौघीजणी एकत्र बसून पोट धरून हसताहेत, हे चित्र पॅरिसचे असो की पुण्याचे, सारखेच दिसते.

अशा चित्रपटांना ‘हलकेफुलके’ म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्या बायका ते पाहायला गेल्या, त्या केवळ करमणुकीसाठी गेल्या असतील असे मला वाटत नाही. त्यांना पडद्यावर अशी एक गोष्ट दिसली, जी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून केव्हा निसटली हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. मैत्रीण. म्हणून एक प्रश्न या पानांवर मांडावासा वाटतो. चाळिशी ओलांडलेल्या, घरसंसारात बुडालेल्या बाईला मैत्रीण असणे ही चैन आहे की तिचा हक आहे? चैन असेल तर ती पैसा आणि वेळ असलेल्यांनी करावी, इंग्लंडला जाऊन करावी. हक असेल तर मात्र तो द्यायची जबाबदारी कुणावर तरी येते, आणि ती आपल्या घरापर्यंत येऊन पोचते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ‘मेरी सहेली’ हा मजमून आम्ही मुलींना दरवर्षी लिहायला देतो. मुली भरभरून लिहितात. सहेलीचा आवडता रंग, तिची खाडाखोड केलेली वही, तिच्या हातची चटणी, तिचा राग. पाच-सात वर्षांत यांतल्या बहुतेकींची लग्ने होतात. मग त्या कुणाच्या तरी अम्मी म्हणून पालकसभेला येतात, तेव्हा एकमेकींना ‘सानिया की अम्मी’, ‘अयान की अम्मी’ अशी हाक मारतात. बाई बहू होते, भाभी होते, चाची, मामी, खाला, फुप्पू होते. प्रत्येक नावाला एक काम जोडलेले असते आणि प्रत्येक कामाला एक तक्रार. सरकारने २०२४ मध्ये बायकांच्या खात्यावर पैसे जमा करण्याची योजना काढली, तिलाही ‘लाडकी बहीण’ हेच नाव सुचले. पैसे कामाला येतात, त्याबद्दल बोलणे नाही. पण बाईला ओळखायचे म्हणजे तिचे कुणाशी तरी नाते लावायचे, ही सवय किती खोल गेली आहे ते यातून कळते. ‘बाईपण भारी देवा’मधल्या सहाजणीही अखेर बहिणीच आहेत. बाईला तिच्या स्वतःच्या नावाने, ‘क्या गे, मर गई थी क्या इत्ते दिन?’ असे दटावत हाक मारणारी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे जुनी सहेली. ती गेली की नाव फक्त रेशनकार्डावर राहते.

मैत्रीवर विचार करणाऱ्या मोठ्या माणसांनी बायकांच्या मैत्रीची फारशी दखल घेतलेली नाही. अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. तिसरी त्याच्या मते खरी. ही विभागणी करताना त्याच्या डोळ्यांसमोर नगरातले स्वतंत्र पुरुष होते. आमच्या गल्लीत एक बाई दुसरीकडे वाटीभर साखर मागायला जाते, उंबऱ्यातच अर्धा तास हसते आणि निघताना मनातली सल सांगून येते. उपयोग, आनंद आणि चांगुलपणा एकाच वाटीत येतात. त्यांतले खरे कुठले आणि खोटे कुठले, हे वेगळे काढता येत नाही.

फ्रेंच निबंधकार मोंतेन याने तर १५८० मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात स्पष्टच लिहून ठेवले की, असल्या पवित्र मैत्रीचा भार पेलण्याइतके बायकांचे मन सहसा भक्कम नसते. १५६३ मध्ये वारलेल्या आपल्या मित्राच्या आठवणीने तो विव्हळ झाला होता. स्वतःचे दुःख इतके खरे असलेल्या माणसाला बायकांचे दुःख दिसू नये, याचे नवल वाटते. त्याच फ्रान्समध्ये आज मैत्रिणींवरचे चित्रपट निघतात, हे त्याला मिळालेले उशिराचे उत्तर म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये दोस्तीचे आठ हक सांगितले आहेत. दोस्तासाठी माल खर्च करावा, न मागता त्याच्या कामी यावे, त्याचे ऐब झाकावेत, त्याच्याशी चांगले बोलावे, त्याच्या चुका माफ कराव्यात, त्याच्यासाठी दुआ करावी, त्याच्याशी वफा राखावी आणि आठवा हक म्हणजे त्याला तकल्लुफमध्ये टाकू नये. हा आठवा हक मला फार मोलाचा वाटतो. जिथे उपकाराची फेड करावी लागत नाही, घर आवरलेले नसले तरी दार उघडता येते, ती दोस्ती. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांनी जोतिरावांना लिहिले की, आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. कामाचा बोजा दुसरीवर पडला आहे हे ठाऊक असूनही तिच्याबद्दल इतक्या निश्चिंतपणे लिहिता येणे, हाच तो आठवा हक. फातिमा शेख यांच्याबद्दल आपण अभिमानाने पुष्कळ बोलतो. पण ‘ती कुरकुर करणार नाही’ या भरवशाबद्दल कमी बोलतो.

गझालींनी हे हक भाऊबंदकीच्या नात्याने, पुरुषांना समोर ठेवून लिहिले, असे कुणी म्हणेल. म्हणून एक हदीस आठवण करून देते. ती ‘बुखारी’त आहे आणि हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितलेली आहे. हजरत खदीजा (रजि.) यांच्या इंतकालनंतरही रसूलल्लाह (स.) त्यांची वारंवार आठवण काढत. बकरी जिबह केली की तिचे तुकडे करून खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. आपण ही हदीस पती-पत्नीच्या प्रेमाचा दाखला म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, तिकडे लक्ष जात नाही. पाठवायचे कुणाकडे, हे ठाऊक असल्याशिवाय पाठवता येत नाही. बायकोच्या मैत्रिणी कोण, हे त्या घरात माहीत होते. ती गेल्यावर तिची मैत्री संपली, असे धरले गेले नाही. वारसाहक्काच्या हिशेबात मुलीचा हिस्सा आहे, बायकोचा आहे, आईचा आहे. मैत्रिणीचा नाही. पण या घरातून मैत्रिणींचा वाटा जात होता, आणि तो नेमाने जात होता. मैत्रीण हा हक आहे, असे मी म्हणते ते या आधारावर.

आता आमच्या ताडकळसकडे वळते. घरोघरी जाती होती तोवर दळण हे बहुधा दोघींचे काम होते. एकीच्या हाताने खुंटा धरला तर दुसरीचा हात त्यावर येई. जात्यावरची ओवी एकटीची असली तरी ती बहुतेक वेळा कुणा दुसऱ्या बाईला उद्देशून असते. दखनी सुफींनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी ‘चक्कीनामा’ रचला, दळता दळता बायकांनी म्हणायचा. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्याला स्थायिक झालेले गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्यांत आमच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत. १९९० च्या दशकात त्या ध्वनिमुद्रित झाल्या. नवऱ्याने टाकलेली ही बाई सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाई. तिच्या एका ओवीत अरण्यात सीता रडते आहे आणि तिची समजूत घालायला तिथे कुणी माणूस नाही. तेव्हा बोरी-बाभळीच बायका होऊन तिच्याजवळ येतात.

ही कल्पना ऐकून मी बराच वेळ गप्प झाले होते. आमच्या शिवारात बोरी-बाभळींना तोटा नाही. काटेरी झाडे, सावलीही बेताची. गंगूबाईंनी सीतेच्या सांत्वनाला चंदन किंवा आंबा बोलावला नाही, बोरी-बाभळी बोलावल्या. ज्यांच्या अंगावर काटे आहेत त्यांनाच दुसरीचे बोचणे कळते, असे त्यांना म्हणायचे असेल. मैत्रिणीची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही. आणि हेही दिसते की, बाईला माणसांत मैत्रीण मिळाली नाही तर ती झाडांत शोधते. गरज इतकी मोठी असते.

जाती गेली, गिरणी आली. त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. पहाटे उठून पायली पायली दळणाऱ्या बायकांना विचारले तर त्या गिरणीला दुआच देतील. नळ घरात आला, गॅस आला, धुणे मोरीत आले. कष्ट कमी झाले ते चांगलेच झाले. फक्त या प्रत्येक कष्टाबरोबर एक भेट होती, तीही गेली. आमच्या लग्नांतला रतजगा घ्या. रात्रभर गुलगुले तळायचे, ढोलक वाजवायची आणि समधनीला गाण्यातून मनसोक्त चिडवायचे. तिथे पन्नाशीच्या बायका सोळा वर्षांच्या मुलींसारख्या हसत. आता बहुतेक ठिकाणी मंगल कार्यालय आणि भाड्याचे स्पीकर आहेत. कष्टाच्या जागा गेल्यावर विरंगुळ्याच्या जागा आपण तयार केल्या का? पुरुषांना चहाचे हॉटेल आहे, पार आहे, नमाजनंतरचा मशिदीबाहेरचा अर्धा तास आहे. बाईला काय आहे?

गंमत अशी की, थोडीशी जागा एसटीने दिली. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट लागू झाले, आणि ताडकळसहून परभणीला जाणाऱ्या गाडीत जोडीने बसलेल्या बायका वाढल्या, असे मी रोज पाहते. बाजार असतो, दवाखाना असतो, फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस असतो. निमित्त काहीही असो, खिडकीची जागा दोघींत एक असते.

अशाच दोघींची हकीकत सांगते. नावे सांगत नाही. एक आमच्या गल्लीत शिवणकाम करते, दुसरी मराठ्यांची, तिच्या घरी थोडी कोरडवाहू शेती. दोघींची ओळख ब्लाऊज शिवण्यावरून झाली, त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली. शेतकरणीला त्रेचाळिसाव्या वर्षी पाळीचा त्रास सुरू झाला, अंगावरून जाणे थांबेना. एका दवाखान्यात सांगितले, पिशवी काढून टाका. घरी नवरा म्हणाला, डॉक्टर म्हणतो ते कर. सासू म्हणाली, लेकरं झाली, आता ती ठेवून काय करायची? सगळे तिच्या बऱ्यासाठीच बोलत होते. पण तिला काय वाटते, हे विचारायचे राहून गेले होते. ती मैत्रिणीकडे आली आणि म्हणाली, “मला भ्या वाटायलंय.” शिवणकाम करणारीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, “कल मेरे संग परभणी चल. पहले दूसरी डॉक्टरनी को दिखाएंगे.” दोन अर्धी तिकिटे काढून त्या गेल्या. दुसऱ्या डॉक्टरनीने तपासणी केली, औषध दिले, काही महिने वाट पाहू म्हणाली. त्रास आटोक्यात आला. पिशवी जागेवर राहिली.

ही लहान गोष्ट आहे का? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारच्या समितीने ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मजुरी बुडते, दंड बसतो, म्हणून तरुण बायकाही ऑपरेशनला तयार होत. त्यामागे गरिबी आहे, मुकादम आहे, दवाखान्यांचा धंदा आहे. एका मैत्रिणीने हे सगळे बदलले असते असा दावा मी करत नाही. पण ‘घाई कशाची, अजून एकाला विचारू’ म्हणणारे माणूस सोबत असणे आणि नसणे यात अंगाच्या एका अवयवाचा फरक पडू शकतो. मैत्रीला चैन म्हणणाऱ्यांनी हा फरक हिशेबात धरावा.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप घरोघरी ऐकू येतो: बायका जमल्या की गीबत करतात. गीबत वाईटच आहे, तिचा बचाव करायचा नाही. पण चहाच्या हॉटेलात काय चालते, तेही एकदा कान देऊन ऐकावे. आणि मुख्य म्हणजे, स्वतःचे दुखणे सांगणे आणि दुसऱ्याचे ऐब उघडे करणे यांत फरक आहे. तो न करता आपण दोन्हींना एकच नाव देतो आणि बाईचे तोंड बंद करतो. नवऱ्याने मारले हे बाईने मैत्रिणीला सांगितले तर ती गीबत ठरते, आणि मारणे मात्र घरची बाब ठरते. मजलिस ही अमानत असते, अशी आपली शिकवण आहे. मैत्रिणींनी ती पाळावी, ऐकलेले चार घरी नेऊ नये. जी पाळत नाही ती मैत्रीण नव्हे. पण अमानत ठेवायलाच मनाई केली तर ती पाळण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मलाही छळतो. मैत्रिणीजवळ हसून-रडून बाई हलकी होते आणि पुन्हा त्याच घरात, त्याच चुलीपाशी परतते. मग मैत्री म्हणजे फक्त दुखणे सोसण्याची गोळी झाली का? ‘झिम्मा’तल्या बायकाही सहल संपवून घरी येतात. घरात काही बदलले नाही, तर त्या हसण्याचा उपयोग काय? जिथे अन्याय थांबायला हवा, तिथे मैत्रीण तो सहन करायला मदत करते, असा हा आरोप आहे.

त्यात तथ्य आहे. ‘सब के साथ ऐसा ही होता है गे’ म्हणून समजूत काढणारी मैत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती मायेची असते आणि तरीही दार बंद करून टाकते. पण दुसरी बाजूही पाहावी. दुखण्याला आधी कुणीतरी खरे मानावे लागते. एकटीला आपले दुखणे आपलाच दोष वाटतो. दुसरीने ‘माझंही असंच झालं होतं’ म्हटले की तो दोष राहत नाही, ती परिस्थिती होते, आणि परिस्थितीबद्दल प्रश्न विचारता येतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. त्यांच्या मागण्यांबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील. मी फक्त आकड्याकडे पाहते. सात हा आकडा थोडा आहे, पण तो एक नाही. तोंडी तलाकच्या भीतीत जगणारी एकेकटी बाई मुंबईच्या रस्त्यावर अशी निघाली असती का? सोसायला लावणारी मैत्री आणि उभे करणारी मैत्री बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हींची सुरुवात चहाच्या कपाने होते. फरक पुढच्या वाक्यात असतो. एक म्हणते, ‘जाऊ दे.’ दुसरी म्हणते, ‘चल, मी येते.’

आणि हसण्याचे काय? विनोदी चित्रपटांत या बायका आपल्या सुटलेल्या पोटावर, घोरणाऱ्या नवऱ्यावर, अंगात अचानक उठणाऱ्या गरम वाफांवर हसतात, त्याला उथळ म्हणणे सोपे आहे. पण जरा विचार करावा. बाईच्या चाळिशीवर हसण्याचा परवाना आजवर इतरांकडे होता. पाळी जाण्याच्या काळात ती चिडली तर ‘डोकं फिरलंय’ म्हणून घरभर हसू व्हायचे. तेच हसू मैत्रिणींच्या घोळक्यात ती स्वतः हसते, तेव्हा ते तिच्या मालकीचे होते. तिथे तिला कुणी हसत नाही, तिच्यासोबत हसतात. रतजग्यात ढोलक घेऊन बसलेल्या आमच्या आज्यांना हे शिकवावे लागले नव्हते.

मी अजून चाळिशीच्या अलीकडे आहे. पण आमच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेल्या थोरल्या शिक्षिकांकडे पाहते, तेव्हा वाटते की या पंधरा मिनिटांच्या सुट्टीत जे चालते त्याला सवड, विरंगुळा, टाइमपास अशी नावे आहेत, हक हे नाव कुणी दिलेले नाही. आणि ज्या बाईला नोकरी नाही, स्टाफरूम नाही, तिच्याकडे ही पंधरा मिनिटेही नाहीत. बाईला घराबाहेर पडायला बाजार, दवाखाना किंवा मयत असे कारण द्यावे लागते. ‘मैत्रिणीला भेटायला जाते’ हे पुरेसे कारण ठरेल, त्या दिवशी हक मिळाला म्हणायचा. त्यासाठी कायदा नको, अनुदान नको. नवऱ्याने आणि मुलांनी एक दुपार घर सांभाळावे, इतकेच.

बकरी ईदला आपण कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से करतो. एक घरचा, एक गरिबांचा आणि एक नातेवाईक व दोस्तांचा. या तिसऱ्या हिश्श्यातून अब्बांच्या दोस्तांकडे, भाईजानच्या दोस्तांकडे पिशव्या जातात, नावे पाठ असतात. अम्मीच्या मैत्रिणीकडे जाते का? बहुतेक घरांत अम्मीची मैत्रीण कोण, तिचे नाव काय, ती कुठे राहते, हेच मुलांना सांगता येणार नाही. येत्या ईदला वाटे करायच्या आधी हे एकदा अम्मीला विचारावे. ती पहिल्यांदा ‘मेरी कौन सहेली है अब’ म्हणून विषय टाळेल. थोडे थांबून पुन्हा विचारावे. नाव सांगितले की पिशवी भरावी, आणि ती मुलाच्या हाती पाठवू नये. अम्मीलाच घेऊन जाऊ द्यावी, आणि परत कधी येणार हे विचारू नये.